पाणी कुठे मुरते?

प्रस्तावना

घरातले मूल तापाने फणफणले की आपण त्याच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवतो. त्याने मुलाला घटकाभर बरे वाटते; परंतु ताप कशाने आला हे कळेपर्यंत खरा उपचार सुरू होत नाही. ताप हे लक्षण आहे, त्यामागचे कारण वेगळे असते. यंत्रांच्या बाबतीतही हेच घडते. मोटारीचे इंजिन तापते, त्यातील पाणी कमी होते आणि आपण पुन्हा पाणी भरून पुढे निघतो. असे किती दिवस चालेल? प्रस्तुत पाठात गळती आणि इंजिनाचे तापणे या दोन लक्षणांवरून मूळ दोषापर्यंत कसे पोहोचावे, याचे विवेचन केले आहे. तुमच्यापैकी काही जण वाहन चालवून उदरनिर्वाह करीत असतील, काही जण गॅरेजमध्ये काम शिकत असतील. ज्यांचा वाहनाशी संबंध नाही, त्यांनाही विचार करण्याची ही रीत उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• लक्षण आणि कारण यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे कार्य आपल्या शब्दांत सांगू शकाल;
• गळणाऱ्या द्रवाचा रंग, वास आणि जागा यांवरून दोषाचा अंदाज करू शकाल;
• इंजिन तापल्यास कोणती दक्षता घ्यावी हे सांगू शकाल;
• 'पाणी' या शब्दावर आधारलेल्या वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

(१) हिंदूरावचा चढ

दिल्लीच्या उत्तर भागात अरवलीची डोंगररांग संपत येते. तेथील टेकडीला 'रिज' म्हणतात. या टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. नाव ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची १८३५ मध्ये हत्या झाली. त्यानंतर टेकडीवरील त्याचे घर हिंदूरावांकडे आले. १८५७ च्या लढ्यात याच घराच्या परिसरात घनघोर लढाई झाली. पुढे त्या जागी रुग्णालय उभे राहिले, आणि एका मराठी सरदाराचे नाव दिल्लीकरांच्या रोजच्या बोलण्यात कायम राहिले.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यातील एका दुपारी मी एका आजारी नातेवाइकाला भेटण्यासाठी तेथे निघालो होतो. करोल बागेत टॅक्सी केली. चालक विशीतला मराठी तरुण होता. त्याचे आजोबा सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी सांगली जिल्ह्यातून दिल्लीला आले आणि येथलेच झाले. नातवाने कर्ज काढून एक जुनी गाडी घेतली होती. त्या गाडीवर घर चालत होते आणि कर्जाचे हप्तेही तीच फेडत होती.

टेकडीकडे जाणारा चढ काही फार मोठा नाही. तरीही अर्ध्या चढावर तो एकदम म्हणाला, ''काका, काटा बघा कुठं गेला!'' तापमान दाखवणारा काटा लाल पट्टीला टेकला होता. पाठोपाठ पुढच्या झाकणाच्या फटीतून वाफ निघू लागली. त्याने गाडी बाजूला घेतली, झाकण उघडले आणि हातात फडके घेऊन तो रेडिएटरची टोपी फिरवणार, एवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एक आवाज आला, ''हात लावू नकोस, बेटा! आधी थांब!''

पलीकडे झाडाखाली एका वृद्ध मिस्त्रींचे छोटेसे दुकान होते. ते लगबगीने आले आणि त्यांनी त्या मुलाचा हात धरून त्याला मागे ओढले. ते हिंदीत बोलत होते; त्याचा आशय असा की, ''गाडी पुन्हा मिळेल, डोळे मिळणार नाहीत.''

(२) टोपीखालचे पाणी

मिस्त्रींनी त्याला का अडवले, हे समजण्यासाठी इंजिनात काय चालते ते पाहिले पाहिजे.

इंजिनात इंधन जळते. त्या उष्णतेचा काही भागच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. मोठा भाग धुरावाटे बाहेर जातो, आणि साधारण एक-तृतीयांश उष्णता इंजिनाच्या धातूतून काढून घ्यावी लागते. ती काढली नाही तर धातू प्रसरण पावतो, वाकतो आणि शेवटी दट्टे सिलिंडरमध्ये घट्ट रुतून बसतात. म्हणून इंजिनाच्या भिंतींमध्ये पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पंप त्या वाटांतून पाणी फिरवतो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. वारा कमी पडला तर पंखा तो पुरवतो. थर्मोस्टॅट नावाची एक झडप या वाटेवर पहारा करते. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाणी साधारणपणे ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की उघडते.

या पाण्यात 'कूलंट' नावाचा द्रव मिसळलेला असतो. त्यामुळे पाणी अधिक तापमानाला उकळते आणि आतला धातू गंजत नाही. टोपी घट्ट असल्याने आत दाबही निर्माण होतो. बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी तेवढाच दाब चढला, तर साधे पाणीदेखील १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. आता विचार करा : ११० अंशांचे पाणी दाबामुळे शांत बसले आहे आणि कोणी टोपी उघडली, तर काय होईल? दाब क्षणात नाहीसा होईल आणि ते पाणी वाफेसह उसळून समोरच्याच्या तोंडावर येईल. शिट्टी न जिरवता कुकरचे झाकण काढण्याचे धाडस घरात कोणी करीत नाही. रस्त्यावर मात्र घाईच्या भरात अनेक जण ते करतात आणि भाजतात.

मिस्त्रींनी आम्हांला निदान अर्धा तास थांबायला लावले. वरची रबरी नळी दाबून पाहिली तर ती हाताला सोसवेल इतकी गार आणि मऊ लागली पाहिजे, तोवर टोपीकडे वळायचे नाही, हा त्यांचा नियम. पंख्यापासूनही त्यांनी आम्हांला दूर ठेवले. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतण्यासही त्यांनी मनाई केली, कारण धातू अचानक आकुंचन पावला तर त्याला तडा जाण्याची भीती असते.

(३) तीन प्रश्न

थांबलेल्या वेळात मिस्त्रींनी हत्यार हातात घेतले नाही. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

''पाणी कमी होत होते का?''

मुलगा ओशाळला. गेले पंधरा दिवस तो रोज सकाळी एक बाटली पाणी भरत होता. ओळखीच्या एकाने त्याला रेडिएटर बदलण्याचा सल्ला दिला होता. तेवढे पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून त्याने त्यात हळदीची पूडही टाकून पाहिली होती. पूर्वीचे अनेक चालक बारीक छिद्र बुजवण्यासाठी असे करीत. पण ही पूड छिद्राबरोबरच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते, आणि एक दोष झाकताना दुसरा निर्माण होतो.

मिस्त्री म्हणाले, ''रोज एक बाटली. म्हणजे गाडी पंधरा दिवस तुला सांगत होती. तू तिला पाणी पाजलेस, पण विचारले नाहीस.''

त्यांच्या पद्धतीत तीन प्रश्न होते आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा होता.

पहिला प्रश्न : पाणी कमी होते की नाही? होत नसेल आणि तरीही इंजिन तापत असेल, तर पाणी आहे पण उष्णता बाहेर पडत नाही, असे समजावे. अशा वेळी गाडी केव्हा तापते ते पाहावे. गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याकडे संशय जातो. कारण वेगात असताना वारा आपोआप मिळतो, उभे असताना पंख्यावाचून गत्यंतर नसते. याउलट गर्दीत ठीक चालते आणि चढावर किंवा वेगात तापते, तर रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून चिखलाने भरला असण्याचा संभव असतो. सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढतो आणि तरीही रेडिएटरकडे जाणारी नळी गारच राहते, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा पंप पाणी फिरवत नाही, असा तर्क करता येतो.

दुसरा प्रश्न : पाणी कमी होत असेल, तर ते बाहेर जाते की आत? बाहेर जात असेल तर खूण सापडतेच. नळ्यांचे सांधे, त्यांवरच्या पट्ट्या, रेडिएटरच्या कडा, पंपाखालचे लहान छिद्र ही नेहमीची ठिकाणे. पाणी उडून गेले तरी कूलंटचा वाळलेला, रंगीत किंवा पांढरट ओघळ मागे राहतो. गाडीत हीटर असेल, तर पुढच्या आसनापाशी पायाखालचे आच्छादन ओले आहे का, तेही पाहावे.

बाहेर कोठेच खूण नसेल, तर अधिक गंभीर शक्यता उरते. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामध्ये हेड गॅस्केट नावाचा पातळ पत्रा असतो. तो फुटला, तर पाणी इंधन जळण्याच्या जागेत किंवा तेलात शिरते. मग धुराड्यातून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर सतत येतो. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली तर तेल दुधाळ दिसते. अशी गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

तिसरा प्रश्न : गळती केव्हा होते, गाडी गार असताना की गरम असताना? मुलाने सांगितले, ''रात्री गाडी उभी असते तिथं खाली एक थेंबही नसतो. म्हणून तर मला वाटलं गळती नाही.'' मिस्त्री हसले. गार गाडीत दाब नसतो. चीर बारीक असेल तर ती मिटलेली राहते. इंजिन तापले, दाब वाढला की तीच चीर उघडते. थेंब गाडी चालत असताना रस्त्यावर पडतात, आणि रस्ता तर मागे राहतो.

इतके झाल्यावर त्यांनी विजेरी घेतली. खालच्या रबरी नळीच्या टोकाशी, पट्टीच्या अगदी कडेला, वाळलेला हिरवट ओघळ होता. नळी वाकवताच नखाएवढी चीर दिसली. त्यांनी तेलाची पट्टी काढून पाहिली; तेल स्वच्छ होते. ''देवाची कृपा. आणखी दोन किलोमीटर गेला असतास, तर इंजिन उतरवावे लागले असते.''

काश्मिरी गेटचा मोटारीच्या सुट्या भागांचा मोठा बाजार तेथून जवळच आहे. मुलगा तेथून एक नळी आणि दोन पट्ट्या घेऊन आला. रेडिएटर बदलावा लागला नाही. मात्र हळद टाकली होती म्हणून संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी लागली. नव्या कूलंटमध्ये मिसळण्यासाठी मिस्त्रींनी ऊर्ध्वपातित पाणी आणायला सांगितले. विंधनविहिरीच्या जड पाण्याने चहाच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरमध्येही बसतो.

(४) जमिनीवरचे डाग

निघण्यापूर्वी मिस्त्रींनी त्याला एक सोपी सवय लावून घ्यायला सांगितली. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा आणि सकाळी तो वाचावा. डाग कोठे पडला, त्याचा रंग कोणता, वास कसा, हे पाहिले की बरेचसे कळते.

वातानुकूलन चालवल्यावर पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी निरुपद्रवी असते. गार नळीवर हवेतील बाष्पाचे ते थेंब होतात. हिरवा, निळा किंवा गुलाबी, किंचित बुळबुळीत आणि गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट. तो विषारी असतो आणि गोडसर चवीमुळे जनावरे तो चाटतात, म्हणून सांडल्यास लगेच पुसावा. तपकिरी ते काळा तेलकट डाग इंजिनाच्या तेलाचा. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर डाग आढळला, तर तो ब्रेकचे तेल असू शकतो. अशी गाडी तपासणीवाचून हलवू नये. पेट्रोलचा डाग वाळून जातो, पण वास राहतो. त्याच्याजवळ काडी पेटवू नये.

रंगावर पूर्ण विसंबून चालत नाही, कारण निरनिराळे उत्पादक निरनिराळे रंग वापरतात. रंग, वास आणि जागा या तिघांची साक्ष जुळली, तर निष्कर्ष काढावा. काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. सगळे पाणी निघून गेले की तापमान मोजणारे साधन कोरडे पडते आणि तापलेल्या इंजिनातही काटा खाली येऊ शकतो.

मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. दारातून मागे पाहिले, तर तो मुलगा पुठ्ठ्याचा एक तुकडा काळजीपूर्वक घडी करून गाडीत ठेवीत होता.

शब्दार्थ

गलाई – सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम
ओशाळणे – शरमिंदा होणे
दट्ट्या – सिलिंडरमध्ये वरखाली सरकणारा इंजिनाचा भाग
ऊर्ध्वपातित पाणी – वाफ करून पुन्हा थंड केलेले, क्षारविरहित पाणी
गत्यंतर – दुसरा मार्ग
धुराडे – धूर बाहेर जाण्याची नळी

चला, समजून घेऊ या

मिस्त्रींचे कौशल्य त्यांच्या हातात होते तसेच त्यांच्या प्रश्नांतही होते. प्रत्येक प्रश्नाने काही शक्यता गळून पडल्या आणि उरलेली शक्यता डोळ्यांनी तपासता आली. रेडिएटर बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने लक्षण पाहून एकदम निष्कर्ष काढला होता. तो सल्ला ऐकला असता, तर पैसे खर्च झाले असते आणि चीर तशीच राहिली असती. वैद्य रोग्याची विचारपूस करतो, शिक्षक मूल अभ्यासात मागे का पडते याचा शोध घेतो, गृहिणी महिन्याचा खर्च कोठे वाढला ते तपासते. या सर्वांची रीत एकच आहे.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. गाडी गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर प्रथम तपासावा :
(क) पंखा (ख) ब्रेक (ग) हेड गॅस्केट
२. तेलाच्या पट्टीवरील दुधाळ तेल सुचवते :
(क) तेल नवे आहे (ख) तेलात पाणी शिरले आहे (ग) पंखा बंद आहे

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. रात्री उभ्या गाडीखाली थेंब का पडत नव्हते?
४. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडणे धोक्याचे का असते?

भाषाभ्यास

१. 'निदान' हा शब्द पाठाशी संबंधित दोन अर्थांनी वापरला जातो. 'रोगाचे निदान झाले' या वाक्यात तो नाम असून त्याचा अर्थ 'मूळ कारणाचा निश्चय' असा आहे. 'निदान अर्धा तास थांबा' या वाक्यात तो अव्यय असून त्याचा अर्थ 'कमीत कमी' असा आहे. दोन्ही अर्थांची प्रत्येकी दोन वाक्ये तयार करा.

२. पुढील वाक्प्रचार अभ्यासा.
पाणी मुरणे – आत काहीतरी गुप्त गोम असणे
पाणी जोखणे – एखाद्याची योग्यता ओळखणे
पाणी पाजणे – पराभव करणे
पाण्यात पाहणे – अत्यंत द्वेष करणे
पाठात मिस्त्री 'पाणी पाजलेस' असे म्हणतात, तेथे हा वाक्प्रचार आहे की शब्दांचा साधा अर्थ? विचार करून लिहा. पाठाच्या शीर्षकात मात्र दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

३. 'गाडी गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याकडे संशय जातो.' अशा वाक्यात आधी अट आणि नंतर तिचा परिणाम येतो. तुमच्या कामातील एखाद्या अडचणीविषयी 'जर... तर...' वापरून तीन वाक्ये लिहा.

तुम्ही काय शिकलात

• इंजिनाचे तापणे हे लक्षण आहे. पाणी भरल्याने कारण दूर होत नाही.
• पाणी कमी होते का, कोठे जाते आणि केव्हा जाते, हे क्रमाने विचारावे.
• इंजिन पूर्ण निवेपर्यंत टोपी उघडू नये.
• लहान दोष वेळीच ओळखल्यास मोठी हानी टळते.

पाठान्त प्रश्न

१. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे कार्य आठ-दहा वाक्यांत लिहा.
२. 'गाडी पंधरा दिवस तुला सांगत होती' या विधानातील आशय स्पष्ट करा.
३. घाईचा सल्ला आणि विचारपूर्वक केलेले निदान यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
४. तुमच्या घरातील किंवा कामावरील एखादा बिघाड तुम्ही कसा शोधून काढलात, ते पंधरा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (क) २. (ख) ३. गार गाडीत दाब नसल्याने नळीची बारीक चीर मिटलेली राहत होती. ४. दाब एकदम नाहीसा झाल्याने अतितप्त पाणी वाफेसह अंगावर उसळते.